शाळेच्या दारातील केकचे टेबल

अमेरिकेतील उपनगरांत सरकारी प्राथमिक शाळेच्या दारात वर्षातून दोन-चार वेळा तरी एक लांबट टेबल मांडलेले दिसते. त्यावर घरी भाजलेले केक, बिस्किटे, सफरचंदाचे पाय असे नाना जिन्नस असतात. टेबलामागे दोन-तीन आया उभ्या असतात आणि त्यांच्या पुढ्यात सुट्या पैशांचा डबा असतो. या प्रकाराला तिकडे ‘बेक सेल’ म्हणतात. जमलेला पैसा शाळेला जातो. त्यातून कधी ग्रंथालयाला पुस्तके येतात, कधी मैदानावर घसरगुंडी येते, कधी मुलांची सहल निघते. दिवाळीच्या फराळाचे ताट पुढ्यात घेऊन हा अंक चाळणाऱ्या आपल्या वाचकांना हे चित्र फारसे परके वाटू नये. उद्या आपल्या गल्लीतल्या बायकांनी चकल्या-करंज्या विकून शाळेला पेटी-तबला घेऊन दिला, तर आपण कौतुकच करू.

कौतुक मीही करतो. पण पेशाने शाळामास्तर असल्यामुळे एक प्रश्न मनातून जात नाही. ज्या देशाइतका पैसा जगात दुसरीकडे क्वचितच असेल, जिथली सरकारी शाळा विनाशुल्क आहे आणि तिचा खर्च करातून भागतो, तिथल्या आईला शाळेसाठी केक का विकावा लागतो? या प्रश्नाचा माग काढत गेले की शंभर-सव्वाशे वर्षांची एक मोठी लक्षात ठेवण्याजोगी हकीकत उलगडते. तिच्यात भली माणसेच जास्त आहेत. खलपुरुष शोधू गेल्यास हाती फारसे कोणी लागत नाही, आणि म्हणूनच ती सांगण्यासारखी आहे.

१८९७ सालच्या फेब्रुवारीच्या १७ तारखेला वॉशिंग्टन शहरी ‘मातांची राष्ट्रीय परिषद’ भरली. ती भरवणाऱ्या दोघी होत्या. अ‍ॅलिस मॅक्लेलन बर्नी या जॉर्जिया राज्यातील मॅरिएटा गावच्या. फीबी ॲपर्सन हर्स्ट या खाणींच्या धंद्यात गब्बर झालेल्या एका सिनेटरच्या विधवा पत्नी आणि वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या आई. लग्नापूर्वी या हर्स्टबाई मिसुरी राज्यात शाळेत शिकवीत असत. पैसा उदंड आला तरी मुलांविषयीची मास्तरीणबाईंची कळकळ त्यांच्यात शिल्लक राहिली होती, आणि बालवर्गांसाठी त्यांनी पुष्कळ पैसा खर्च केला. दोघींनी हाक दिली आणि अपेक्षेच्या कितीतरी पट, दोन हजारांवर माणसे जमली. ज्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क अजून नव्हता (तो १९२० साली मिळाला), त्या बायका राजधानीत बसून मुलांच्या दुधाची, शाळेच्या हवा-उजेडाची आणि बालगुन्हेगारांना प्रौढांच्या तुरुंगात टाकू नये याची चर्चा करू लागल्या.

या परिषदेचेच पुढे ‘पालक-शिक्षक संघ’ झाले. १९०८ साली नावात शिक्षक आले, १९२४ साली ‘माता’ हा शब्द जाऊन ‘पालक’ आला. पी.टी.ए. ही तीन अक्षरे अमेरिकेत घरोघर झाली ती यानंतर.

या बायकांच्या पहिल्या पन्नास वर्षांच्या कामात एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्या वर्गणी काढीत, नाही असे नाही. गरम सूप शिजवून मुलांना वाढीत, शाळेला पियानो घेऊन देत. पण एखादी गोष्ट आपल्या शाळेत रुजली की तेवढ्यावर त्या थांबत नसत. ती सरकारने सगळीकडे करावी म्हणून मागे लागत. आधी आपल्या खर्चाने करून दाखवायचे, मग कायदेमंडळाच्या दारात जाऊन बसायचे, अशी त्यांची रीत. १९२५ पासून त्यांनी उन्हाळ्यात, पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या तब्येतीची तपासणी सुरू केली. दात, डोळे, घसा, सगळे पाहून मूल शाळेत धाडायचे. मुलांना शाळेत जेवण देण्याचा राष्ट्रीय कायदा १९४६ साली झाला. त्यामागे जो रेटा होता त्यात या मंडळींचा वाटा होता. १९५४ साली डॉ. साल्क यांच्या पोलिओच्या लशीची लाखो शाळकरी मुलांवर चाचणी झाली, तेव्हा आईबापांची समजूत घालण्याच्या कामी गावोगावचे पालकसंघ उभे राहिले. केकचे टेबल तेव्हाही होते; पण ते त्यांच्या कामाचा एक कोपरा होते.

‘सगळी मुले’ असे त्या म्हणत खऱ्या, पण त्या ‘सगळ्यां’ना एक मोठे भगदाड होते. दक्षिणेतल्या राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, आणि त्यांच्या आयांना या संघाच्या गोऱ्या शाखांत जागा नाही. अटलांटा शहरातल्या सेलेना स्लोन बटलर या काळ्या शिक्षिकेने १९११ साली तिथल्या याँग स्ट्रीट शाळेत पालकांचा संघ उभारला आणि १९२६ साली काळ्या पालक-शिक्षकांची स्वतंत्र राष्ट्रीय परिषद स्थापली. दोन्ही परिषदा एक झाल्या त्या १९७० साली, अटलांटातच. तो दिवस पाहायला बटलरबाई नव्हत्या. त्या १९६४ साली वारल्या.

या काळ्या पालकांच्या वर्गणीची हकीकत उपनगरातली नव्हे, खेड्यापाड्यांतली आहे. तरी ती वगळून पुढे जाववत नाही. शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझनवाल्ड आणि काळ्यांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन यांनी मिळून एक योजना काढली. रोझनवाल्ड काही रक्कम देणार, सरकारी शाळाखात्याने काही घालायची, आणि उरलेली गावच्या लोकांनी उभी करायची. १९१२ ते १९३२ या वीस वर्षांत दक्षिणेतील पंधरा राज्यांत सुमारे पाच हजार शाळा अशा उभ्या राहिल्या. लोकांनी आपल्या शेताचा एक तुकडा शाळेच्या नावाने कापूस लावायला राखला. कोंबड्या विकल्या, जेवणाचे डबे लिलावात काढले. पैसा नव्हता त्यांनी लाकूड दिले, तेही नव्हते त्यांनी अंगमेहनत दिली. शेवटी हिशेब झाला तेव्हा रोझनवाल्डच्या निधीने सुमारे चव्वेचाळीस लाख डॉलर दिले होते आणि या गोरगरीब काळ्या लोकांनी सत्तेचाळीस लाखांच्या घरात. मुख्य मुद्दा पुढेच आहे. हीच माणसे सरकारला करही भरीतच होती. त्या करातून गोऱ्यांच्या शाळा बांधल्या जात होत्या आणि आपल्या शाळेसाठी मात्र त्यांना पुन्हा एकदा खिशात हात घालावा लागत होता. अभ्यासकांनी याला दुहेरी कर म्हटले आहे, ते अगदी बरोबर आहे.

जोतिराव फुले यांनी १८७३ साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सदाचरणी लोकांना अर्पण केले होते. त्या गुलामांच्या नातवंडांनी शाळेसाठी कापूस वेचला, आणि त्याच सुमारास आपल्या साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मोडीत होत्या. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची वार्ताही नसेल.

असो. आता उपनगरांकडे वळू.

दुसरे महायुद्ध संपले आणि लाखो शिपाई घरी परतले. सरकारने त्यांना घरासाठी स्वस्त कर्जे दिली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्यांच्या शेतांत १९४७ पासून लेव्हिटटाउन नावाची वसाहत उठली. चार-पाच वर्षांत सतरा हजारांवर घरे, सगळी एका छापाची. पुढे हिरवळ, मागे आवार, दाराशी मोटार. सुरुवातीच्या भाडेकरारातच लिहिलेले होते की गोऱ्यांखेरीज कोणी इथे राहू नये. अशा वसाहती देशभर पसरल्या. घरोघर मुले झाली आणि शाळा अपुऱ्या पडू लागल्या. बाप सकाळी मोटारीने किंवा आगगाडीने शहरात कामाला जाई आणि आई दिवसभर घरी. हाताशी वेळ, अंगात हुषारी आणि शेजारी सगळ्या आपल्याच वयाच्या. पालकसंघाचा सुवर्णकाळ तो हाच. १९६० च्या आसपास संघाची सभासदसंख्या सव्वा कोटीच्या जवळ गेली होती. संघाचा दबदबा एवढा की १९६८ साली ‘हार्पर व्हॅली पी.टी.ए.’ या नावाचे एक गाणे देशभर गाजले. त्यात संघातल्या सोवळ्या मंडळींची एक विधवा आई भर सभेत बिनपाण्याने करते. ज्या संस्थेची अशी टवाळी होते ती संस्था लोकांच्या घरात किती शिरलेली असेल!

पण या हिरवळीखाली एक यंत्र चालू होते, आणि ते समजून घेतल्यावाचून केकच्या टेबलाचा अर्थ लागत नाही. अमेरिकेत सरकारी शाळा चालवतो तो मुख्यतः ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’. नावावरून आपल्याला जिल्हा वाटतो, पण तो पुष्कळदा एका गावाएवढा, एका उपनगराएवढाच असतो. त्याला स्वतःचे मंडळ असते आणि स्वतःचे उत्पन्न असते. हे उत्पन्न येते घरपट्टीतून. ज्या हद्दीत बंगले महाग, तिथे थोड्या दराने पट्टी बसवली तरी रग्गड पैसा येतो. ज्या हद्दीत घरे पडकी, तिथे दर वाढवून वाढवून लोकांचे कंबरडे मोडले तरी शाळेचे छप्पर गळतेच. श्रीमंत वस्तीतील पालक केक विकतात ते केकवरच्या साखरेपुरते. पाव तर त्यांना घरपट्टीनेच मिळालेला असतो.

टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो शहर आहे. तिथे एजवुड नावाचा शाळा-जिल्हा, वस्ती बहुतेक मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. जवळच अलामो हाइट्स, वस्ती सुखवस्तू गोऱ्यांची. १९६८ सालच्या मे महिन्यात एजवुडच्या हायस्कुलातली चारएकशे मुले वर्ग सोडून बाहेर पडली आणि अधिकाऱ्याच्या कचेरीवर चालून गेली. इमारती मोडक्या, पुष्कळ शिक्षक पुरेशी पात्रता नसलेले, अशी त्यांची तक्रार होती. मुलांमागोमाग आईबाप जागे झाले. त्यांनी आपला संघ केला. डेमेट्रिओ रॉड्रिगेझ हा त्यांच्यातला एक; विमानदलाच्या तळावर पत्राकाम करणारा कारागीर, महायुद्धात नोकरी केलेला. त्याची मुले ज्या प्राथमिक शाळेत जात तिच्या वरच्या मजल्यात वटवाघळांनी बिऱ्हाड केले होते. या पालकांनी केक विकले नाहीत. विकत कोण घेणार? त्यांनी वकील गाठला आणि फिर्याद लावली.

फिर्यादीतले आकडे पाहा. १९६७-६८ साली एजवुडमध्ये दर मुलामागे ३५६ डॉलर खर्च होत होते, अलामो हाइट्समध्ये ५९४. एजवुडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट पट्टी भरत होते, अलामो हाइट्सचे ८५ सेंट. म्हणजे जास्त भरणाऱ्यांना कमी मिळत होते. खटला वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७३ सालच्या मार्चमध्ये निकाल लागला: पाच न्यायमूर्ती विरुद्ध, चार बाजूने. शिक्षण हा देशाच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नव्हे, असे बहुमताने ठरले. रॉड्रिगेझ हरला. टेक्सासच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाने एजवुडच्या बाजूने निकाल दिला तो १९८९ साली. पहिली फिर्याद लावताना जी मुले प्राथमिक शाळेत होती, त्यांची मुले तोवर शाळेच्या वयाला आली असतील.

कॅलिफोर्नियात मात्र उलटे घडले. तिथे जॉन सेरॅनो नावाचा एक बाप होता. मुलाची शाळा भुक्कड म्हणून तो तक्रार घेऊन मुख्याध्यापकाकडे गेला, तेव्हा त्याला सल्ला मिळाला म्हणतात की, मुलाचे भले व्हावे असे वाटत असेल तर चांगल्या वस्तीत राहायला जा. सेरॅनो गेलाही. पण जाता जाता खटल्यात आपले नाव घालून गेला. लॉस एंजल्सच्या परिसरातलीच दोन उपनगरे न्यायालयाने उदाहरणादाखल घेतली. बाल्डविन पार्क हे कामगारांचे, बेव्हर्ली हिल्स हे सिनेमावाल्यांचे. १९६८-६९ साली बाल्डविन पार्कमध्ये मुलामागे ५७७ डॉलर खर्च झाले, बेव्हर्ली हिल्समध्ये १,२३१. पट्टीचा दर शंभर डॉलरमागे बाल्डविन पार्कात ५ डॉलर ४८ सेंट आणि बेव्हर्ली हिल्समध्ये २ डॉलर ३८ सेंट. १९७१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुलाचे शिक्षण त्याच्या शेजाऱ्यांच्या श्रीमंतीवर अवलंबून राहणे राज्यघटनेत बसत नाही. १९७६ साली तेच पुन्हा कायम झाले. आता राज्याने सर्वांना जवळजवळ सारखे वाटप करावयाचे.

इथे गोष्ट संपून गोड व्हायला हवी होती. पण १९७८ सालच्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांपुढे एक ठराव आला, तेरावा. घरपट्टी मालमत्तेच्या किमतीच्या शेकडा एकाहून जास्त नसावी, आणि घराची किंमत १९७५ च्या पातळीवर धरून, घर विकले जाईपर्यंत, वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढावी. घरांच्या किमती त्या वर्षांत भडकल्या होत्या. पेन्शनीवर जगणारी म्हातारी माणसे पट्टीच्या कागदाने हबकली होती. शेकडा पासष्टच्या सुमारास मते पडून ठराव पास झाला. शाळांची मुख्य गंगाजळी एका रात्रीत आटली. काही अभ्यासकांचे म्हणणे असे की सेरॅनोच्या निकालानेच हे घडवले: आपली पट्टी आपल्या शाळेला मिळणार नसेल तर भरायची कशाला, असे सुखवस्तू मतदाराला वाटले. इतरांना हे मान्य नाही. मला ते अर्धे खरे वाटते. शेजारच्या गावच्या मुलासाठी खिशात हात घालताना माणसाची बोटे आखडतात, हे सांगायला अर्थशास्त्री कशाला हवा? मात्र महागाईने गांजलेल्या म्हातारीलाही त्यात ओढणे बरे नव्हे.

काही असो, परिणाम असा झाला की कॅलिफोर्नियात गरीब-श्रीमंत शाळा एका पातळीवर आल्या, पण ती पातळीच खाली गेली. ग्रंथपाल गेले, परिचारिका गेल्या, चित्रकला-संगीताचे मास्तर गेले. श्रीमंत उपनगरातील पालकाला आपल्या शाळेसाठी जास्त कर भरायची इच्छा असूनही कायद्याने ती वाट अरुंद झाली. कर नाही, तर फी घ्यावी? सँता बार्बरा येथील माध्यमिक शाळांनी नाटक, गाणे, खेळ यांना फी लावून पाहिली. १९८४ साली हार्टझेल नावाच्या खटल्यात न्यायालयाने तीही बंद केली. मोफत शाळा म्हणजे मोफत शाळा. उरली एकच वाट, देणगीची. देणगी देऊ नका असे कोणते न्यायालय म्हणेल?

आणि इथून केकचे टेबल बदलले. शाळेशाळेला, जिल्ह्याजिल्ह्याला ‘फाउंडेशन’ निघाले. नोंदणी, हिशेबतपासनीस, पगारी चिटणीस, सगळा जामानिमा. देणाऱ्याला आयकरात वजावट मिळते, म्हणजे बंगलेवाल्याच्या देणगीत सरकारी तिजोरीचाही छुपा हिस्सा पडतो. वर्षाच्या आरंभी पालकांच्या घरी पत्र जाते. पत्रात ‘अपेक्षित रक्कम’ छापलेली असते आणि खाली बारीक अक्षरांत, सक्ती नाही. आमच्या व्यवसायातल्या माणसाला अशा ऐच्छिक रकमांचा अर्थ चांगला कळतो. देशभर शाळांना मदत करणाऱ्या अशा नोंदलेल्या संस्था १९९५ साली साडेतीन हजारांच्या आसपास होत्या. २०१० साली त्या अकरा हजारांच्या वर गेल्या.

टेबल अगदीच गेले असे नव्हे. मुले दारोदार चॉकलेटे आणि भेटवस्तूंचे रंगीत कागद विकत. १९९६ पासून जनरल मिल्स कंपनीने न्याहारीच्या खोक्यांवर एक कूपन छापले; ते कापून शाळेत द्यायचे, एका कूपनाला दहा सेंट. शाळेच्या हिताचे म्हणून आयांनी किती खोकी जादा घेतली असतील ते कंपनीच जाणे. या साऱ्याची खोच अमेरिकेतील एका शांततावादी महिला संघटनेने १९७९ सालीच एका भित्तिपत्रकात नेमकी पकडली होती. शाळांना हवा तेवढा पैसा मिळेल आणि बाँबफेके विमान घ्यायला हवाईदलाला केक विकावे लागतील तो सुदिन, अशा अर्थाचे ते पत्रक घरोघरी लागले होते.

या टेबलापाशी आता आपली माणसेही उभी आहेत. संगणकाच्या धंद्यामुळे कॅलिफोर्नियात क्युपर्टिनो, फ्रीमाँट अशा उपनगरांत हजारो भारतीय कुटुंबे स्थायिक झाली, त्यांत मराठी पुष्कळ. चांगल्या सरकारी शाळेच्या हद्दीत घर मिळावे म्हणून ती दामदुप्पट किंमत मोजतात. २०१० साली राज्याच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि क्युपर्टिनोच्या प्राथमिक शाळांतील शंभरावर शिक्षकांच्या नोकऱ्या जायची वेळ आली. तिथल्या फाउंडेशनने दर मुलामागे ३७५ डॉलर मागितले आणि काही आठवड्यांत वीस लाखांहून अधिक डॉलर जमले. शिक्षक वाचले. हे वाचताना ऊर भरून येतो हे खरे. पण शिक्षक म्हणून वाचताना घशात घासही अडकतो. वर्गातल्या आईबापांनी चेक फाडले म्हणून माझी नोकरी राहिली, हे ज्याला ठाऊक आहे तो मास्तर त्यांच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात दुसऱ्या दिवशी काय लिहील? आणि ज्या गावातले पालक चेक फाडू शकत नव्हते तिथल्या मास्तरांचे त्या वर्षी काय झाले असेल?

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. साऱ्या अमेरिकेतील शालेय खर्चाशी तुलना केली तर पालकांच्या देणग्यांचा पैसा शेकडा एकही भरत नाही. केक विकून देश शिकत नाही. अजून करच शिकवतो. पण हा चिमूटभर पैसा सगळीकडे चिमूटभर पडत नाही. २०१३-१४ साली सर्वांत श्रीमंत पन्नास पालकसंघांनी मिळून चार कोटी तीस लाख डॉलर जमवले. पालकसंघांच्या देशभरच्या एकूण रकमेचा अंदाज साडेबेचाळीस कोटींचा; म्हणजे एकदशांश वाटा या पन्नासांचा. त्या पन्नास शाळांत मुले किती? देशातल्या हजारांत एक.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि निम्म्या स्त्रियांना. बर्नीबाईंना ते वाचून आनंद झाला असता. समितीच्या बैठकीला किती जण येतात आणि सहीचे पुस्तक किती घरी फिरते, हा विषय निराळा.

केकच्या टेबलाची सगळ्यांत चुरशीची लढाई झाली ती लॉस एंजल्सच्या पश्चिमेस, समुद्रकाठी. सँता मोनिका आणि मालिबू ही दोन शहरे, दोन्ही मिळून एक शाळा-जिल्हा. मालिबूत समुद्राकडे तोंड केलेले बंगले. सँता मोनिकात श्रीमंतही आहेत आणि भाड्याच्या खोल्यांत राहणारेही. मालिबूच्या पॉइंट ड्यूम प्राथमिक शाळेच्या पालकसंघाने २००९-१० साली दर मुलामागे २,१०० डॉलर जमवले. त्याच जिल्ह्यातील सँता मोनिकाच्या मॅकिन्ली प्राथमिक शाळेने जमवले ९६. पैसा जातो कुठे, तर वर्गात मदतनीस, चित्रकलेला मास्तर, संगीताला मास्तर. दोन्ही शाळांवर पाटी एकाच मंडळाची, पगारपत्रक एकाच कचेरीत निघणारे; पण एका शाळेतल्या मुलाला वर्गात दोन मोठी माणसे आणि दुसरीतल्या मुलाला एक.

मंडळाने नोव्हेंबर २०११ मध्ये ठरवले की शिक्षक आणि मदतनीस यांच्यासाठी लागणारा पैसा यापुढे कोणत्याही एका शाळेने जमवायचा नाही. सगळ्यांनी मिळून एका फाउंडेशनात घालायचा आणि तो सगळ्या शाळांत वाटायचा. सभा तापल्या. मालिबूच्या पालकांचे म्हणणे सरळ होते: आम्ही आमच्या मुलांसाठी देतो, देणगी कोणाला द्यायची हे देणाऱ्याने ठरवायचे, असे केलेत तर लोक देणेच बंद करतील. या म्हणण्याला नुसता स्वार्थ म्हणून मोडीत काढता येत नाही. आईने रात्री जागून भाजलेल्या केकवर तिच्याच मुलाचे नाव असते. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच सरळ होते: शाळा सरकारी आहे, तर शिक्षक कोणाला किती मिळावेत हे पालकांच्या खिशाने ठरू नये. ओरेगन राज्यातल्या पोर्टलँड शहराने याआधीच एक मधला मार्ग काढला होता. शाळेने जमवलेल्या पहिल्या दहा हजार डॉलरांनंतरच्या रकमेतला तिसरा हिस्सा बाकीच्या शाळांसाठी काढून ठेवायचा. सँता मोनिकाने मधला मार्ग घेतला नाही.

पालकसंघांना काहीच उरले नाही असे नव्हे. सहली, पुस्तके, मैदानावरचे सामान, वर्गातल्या वस्तू यांसाठी त्यांनी पूर्वीसारखे पैसे जमवायला हरकत नव्हती. केकच्या पैशातून चेंडू येई, रंगपेटी येई. मास्तर मात्र येत नसे.

मालिबूकरांनी आपला शाळा-जिल्हा वेगळा करून मागितला. २०१७ साली शहराने तसा रीतसर अर्ज केला आणि मग वर्षानुवर्षे घरपट्टीच्या वाटणीवरून वाटाघाटी चालल्या. भावाभावांत वाडा वाटताना जशा चालतात, तशा. पॉइंट ड्यूमची शाळा दरम्यान दुसऱ्या शाळेत विलीन झाली. आणि सर्वांचा पैसा एकत्र करण्यासाठी पुढे आणलेल्या त्या फाउंडेशनच्या नावात आरंभी दोन्ही शहरे जोडीने होती. आज त्याचे नाव ‘सँता मोनिका एज्युकेशन फाउंडेशन’ असे आहे.